सात नंबरचं हँडल

तुझं नाव मला माहीत नाही, म्हणून नुसतं तू म्हणते.
आमच्या घरात राहून गेलास, तेवढी सलगी चालेल.

सव्वाशे दिवस, असं नंतर रीगाहून आलेली मुलं म्हणाली.
त्यांनी नोंदी चाळल्या, वाटाणे निवडावेत तशा,
आणि एका बिलाखाली तुझं पाऊल सापडलं:
ऑक्टोबरातलं बिल, प्रिंटरच्या शाईचं,
हिशेबाच्या इल्गाने उघडलेलं,
कारण शाई खरंच संपली होती.
इल्गाला कुणी बोललं नाही.
तीच स्वतःला बोलते, अजून.

सव्वाशे दिवस तू माझ्या खांद्यावरून पाहिलंस.
तुला ठाऊक होतं मी पासवर्ड दोनदा चुकते,
रात्रपाळीत अडीचला उठून चहा करते,
ठाऊक होतं कुठलं उपकेंद्र कुणाला वीज देतं:
तीन नंबर दूध डेअरीला,
पाच प्रसूतिगृहाला,
सात तळ्यापलीकडच्या गावांना,
जिथे आता म्हाताऱ्याच उरल्यात.

जानेवारीत इथे दिवेलागण चारला होते.
चार वाजून दहा मिनिटांनी माझा पडदा हिरवा होता,
सगळा हिरवा, कुरणासारखा,
आणि खिडकीबाहेर रस्ता गेला,
चर्च गेलं, पेट्रोल पंप गेला,
बर्फसुद्धा गेला,
दिसायला बर्फालाही कुणाचा तरी दिवा लागतो.

पडदा म्हणे, ठीक आहे.
खिडकी म्हणे, नाही.
एकवीस वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं
की या दोघांचं भांडण झालं तर ऐकायचं कुणाचं.

तारा उपटल्या. टेबलाखाली ओणवी होऊन,
आधी निळी, मग पिवळी, मग हाती येईल ती.
आणि दोनात्सला फोन लावला.

दोनात्स निवृत्त होऊन चार वर्षं झाली.
नवी यंत्रणा आली तेव्हा साहेब म्हणाले होते,
ही हातानं फिरवायची हँडलं भंगारात द्या.
त्याने दिली. एक सोडून.
सात नंबरचं, गोणपाटात गुंडाळून,
न्हाणीच्या लाकडांमागे.
"म्हणजे चोरलंस," मी म्हटलं.
"जपलं," तो म्हणाला. "हळू बोल, बायको ऐकते."

हे तुझ्या नकाशात नव्हतं.
सातचं दार थंडीत आखडतं, खांदा मारावा लागतो,
मग स्प्रिंग भरायची, चाळीसेक फेरे,
एकविसाव्याला ते अडतं,
तिथे शिवी द्यायची, लाटगालीत, दुसरी चालत नाही,
आणि मग खटका.

एक हँडल, सहा उपकेंद्रं, एक जुनी गाडी.
आधी पाच. मग तीन. सात सर्वांत शेवटी,
हँडल सातचं असूनही.
उजाडेपर्यंत त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती.

सकाळी तळ्यापलीकडून आनेलेबाईंचा फोन आला.
आभार नव्हते. तक्रार होती.
त्यांना वाटलेलं, आपलाच बल्ब गेला.
तासभर अंधारात खुर्चीवर उभ्या राहून
त्या बल्ब बदलत होत्या, एक काढून दुसरा,
दुसरा काढून पुन्हा पहिला.
वय त्र्याऐंशी.
त्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे, मी पाहिलाय.

तुझ्या खोलीत दिवा चालू असेल तेव्हा.
कुणीतरी पाठ थोपटली असेल, कॉफी आली असेल.
आमच्याकडे बायका पोरांना विचारतात ते तुला विचारते:
एवढं शिकून काय दिवे लावलेस रे?

आता दोन किल्ल्या लागतात, दोन माणसांच्या.
टपाल वेगळ्या खोलीतल्या वेगळ्या यंत्रावर उघडतं,
जिथून वीजघराकडे तार जात नाही.
महिन्यातून एकदा ठरवून पडदे बंद करतो
आणि पोरं फेरे मोजत घाम गाळतात.
दोनात्सला तासावर पैसे मिळतात, शिवी फुकट शिकवतो.
त्या एका हँडलाचा साचा घेऊन बारा नवी ओतली,
त्यातली दोन बसत नाहीत.

साहेबांनी विचारलं, तुला काय हवं, वेल्ता?
म्हटलं, माझं टेबल खिडकीकडे फिरवा.

अर्ज वर गेलाय.
तोवर मीच मान वळवते,
दर काही मिनिटांनी.